व्याह्यांचे मासे

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाही, तुमचा भरवसा नाही, तुम्ही हसणारच. जाऊ द्या. चहा आलाय, तो घ्या आधी. तर काय झालं, मी एकदा माझ्या एकुलत्या एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडता मोडता वाचवलं. वाचवलं म्हणजे काय, मोडायला निघालो होतो मीच, आणि वाचलं ते आपोआप. आणि हे सगळं कशापायी? बोटाएवढ्या एका माशापायी!

मी मासे पाळणारा माणूस वाटतो का हो तुम्हाला? आमच्या घरात आजवर एकच गोष्ट पाळली गेली, ती म्हणजे मौन. तेही मी पाळलं, आणि बायकोसमोर, आमच्या शकूसमोर.

आंध्र-तेलंगणाची, आमच्या राज्याची वाटणी झाली ते दिवस आठवतात ना? आमच्या ऑफिसात नुसता कल्ला. कोण इकडचा, कोण तिकडचा, कुणालाच पत्ता नाही. माझ्याकडे काम आलं सामानाच्या वाटणीचं. टेबलं, खुर्च्या, पंखे, कपाटं. एक कूलर होता, त्याच्यावरून दोन जुने दोस्त एकमेकांचं तोंड बघेनात. मी दोघांना कँटीनमध्ये बसवलं, चहा पाजला आणि तोडगा काढला. कूलर इकडे, त्याचा स्टँड तिकडे! दोघंही खूश. तो कूलर पुढे कुणालाच वापरता आला नाही ही गोष्ट वेगळी, पण भांडण मिटलं की नाही? तर असा मी. कुठे भांडण दिसलं की माझे हात शिवशिवतात.

त्याच सुमारास आमच्या दीपाचं जमलं. दीपा बंगळूरला नोकरीला, मुलगा अमोल, तोही तिथेच. मुलाचे वडील कदमसाहेब, इथल्याच हिमायतनगरचे. आमच्यासारखेच मूळचे परभणीकडचे. दोघांचेही आजोबा निजामाच्या काळात इथे हैदराबादेत आले. मागच्या वाटणीत, म्हणजे निजामाचं राज्य फुटलं तेव्हा, गाव गेलं महाराष्ट्रात आणि आम्ही राहिलो काचीगुड्यात. इतकी वर्षं झाली, तिकडे गेलो की आम्ही हैदराबादी, आणि इथे मराठे लोगां. असं सगळं जुळणारं स्थळ! सुपारी फुटली, साखरपुडा झाला, शकूने साड्यासुद्धा घेऊन ठेवल्या.

आणि कदमसाहेबांचं ऑफिस वाटणीत तिकडे गेलं. विजयवाड्याला!

झालं. नातेवाईकांना तेवढंच पाहिजे होतं. जो येईल तो शकूला विचारणार, "मग काय वहिनी, आता पोरगी परराज्यात देणार?" पोरगा-पोरगी दोघंही बंगळूरला राहणार होती हो! पण ते कुणाच्या डोक्यातच शिरेना. मी वरून हसायचो. आत मात्र धाकधूक सुरू झाली होती. व्याह्यांनाही लोक असंच विचारत असतील. त्यांच्याच मनात काही आलं तर? एखादं निमित्त मिळालं आणि त्यांनी पाय मागे घेतला तर? माझ्या पोरीने अमोलचं नाव घेतलं की तिच्या आवाजात काय फरक पडायचा ते मी फोनवर ऐकत होतो. ते मोडलं असतं तर मी तिला तोंड दाखवू शकलो नसतो.

अशात एके दिवशी कदमसाहेबांचा फोन. "सूर्यवंशीसाहेब, एक तकलीफ द्यायची होती. विजयवाड्यात अजून धड घर मिळेना. एका खोलीत राहायची पाळी आहे. माझी माशांची टाकी तेवढी आपल्याकडे ठेवली तर?"

तुम्ही सांगा, व्याही मागतोय, मुलीचा बाप काय म्हणेल? त्यांनी हत्ती आणून बांधतो म्हटलं असतं तरी मी जिन्यात जागा करून ठेवली असती.

टेम्पोतून टाकी आली. आमच्या हॉलच्या अर्ध्या भिंतीएवढी. पाठोपाठ दगड, पंप, नळ्या, आणि पाण्याने फुगलेल्या पिशव्यांतून मासे. सिक्लिड म्हणतात त्यांना, आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले. काही हळदीसारखे पिवळे, काही निळे, काही पट्ट्यापट्ट्यांचे. जाती निरनिराळ्या, पण सगळे एकाच टाकीत. कदमसाहेबांनी तासभर खपून दगड रचले, मासे सोडले आणि घाम पुसत माझ्याकडे वळले.

"हां, आता नीट ऐका. हे लोक भांडतील..."

"भांडू द्या हो! तुम्ही आधी बसा. शकू, सुशीला आण!" मुरमुऱ्यांचा सुशीला शकूने खास केला होता, वर शेंगदाणे, कोथिंबीर, सगळं.

"नाही, पण भांडले तरी मधे पडू नका. गर्दीत राहिले की कुणा एकावर डूख धरत नाहीत. आणि दगड..."

"मुळीच नाही पडणार! अहो, दही घ्या ना. दह्याशिवाय काय मजा?"

"आणि ही पिवळी बघा. ही सध्या खाणार नाही, कारण तिच्या..."

"ती नाही खाणार तर नाही, तुम्ही तर खा! शकू, साहेबांची ताटली रिकामी दिसायलीय."

त्यांनी आणखी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मी त्यात लाडू घातला. मग खालून टेम्पोवाला ओरडायला लागला, "साब, जल्दी करो ना, गाडी निकालना है," आणि ते घाईने उठले. दारात म्हणाले, "सगळं लक्षात राहील ना?" मी म्हटलं, "एकूण एक शब्द!"

एक शब्द कानात गेला असेल तर शपथ. आता तुम्हाला सांगितला तो सगळा संवाद मला नंतर आठवला. त्या वेळी माझा जीव त्यांच्या ताटलीत अडकला होता. व्याही घरी आला आणि अर्धपोटी गेला, असं कुणी म्हणायला नको.

दुसऱ्या दिवसापासून टाकीत जे सुरू झालं, काय विचारता! एक मोठा निळा होता. त्याचं नाव मी कलेक्टर ठेवलं. मधला मोठा दगड त्याचा. कुणी जवळून गेलं की हा अंगावर धावायचा. पट्टेवाले पिवळ्यांच्या मागे, पिवळे छोट्या निळ्यांच्या मागे, आणि कलेक्टर सगळ्यांच्या मागे. दिवसभर ऑफिसात भांडणं, घरी येऊन बघतो तर तीच!

"काही करा बाई," शकू म्हणाली. "एकमेकांना खाऊन बसले तर व्याह्यांना काय उत्तर देणार?"

बस्स. माझे हात शिवशिवायला लागलेच होते. मी जामबागेकडचा एक काचवाला गाठला, टाकीचं माप दिलं.

"शीशा कायकू होना साब?"

"मछल्यां लड़ रै. बीच में पार्टिशन डालना है."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मछल्यां में भी पार्टिशन? नक्को साब, लड़ने दो ना. थक को चुप बैठ जाते."

मी ऐकतोय? सरकारी माणूस मी, वाटणीचा अनुभव असलेला. काच आणली, दगड हलवले, बरोबर मधे बसवली. पिवळे एकीकडे, निळे-पट्टेवाले दुसरीकडे. हात पुसून खुर्चीत बसलो आणि शकूला म्हटलं, "बघ, याला म्हणतात तोडगा."

अर्ध्या तासात पिवळे आपसात भांडायला लागले. तिकडे कलेक्टर काचेला नाक लावून उभा. पलीकडचं दिसतंय आणि मारता येत नाही, म्हणून अलीकडच्यांना दुप्पट मार. आणि पिवळ्यांमध्ये एक होती, तिच्यामागे सगळे हात धुऊन लागले होते. ती बिचारी कोपऱ्यात तोंड मिटून बसलेली. मला दया आली. मी परत जामबाग गाठली, आणखी एक काच आणली आणि त्या एकटीला कोपऱ्यात वेगळी खोली करून दिली. राज्याची झाली दोन, माझ्या हॉलमध्ये झाली तीन!

ही पिवळी काही खाईना. दाणे टाकले की नुसती बघायची. वर तिचे गाल सुजलेले, हनुवटीखाली चांगली पिशवी आलेली.

शकूने वाकून बघितलं आणि निदान केलं. "गालगुंड झालंय तिला."

"माशाला गालगुंड?"

"कामून नाही होणार? गाल आहेत की नाही तिला?"

म्हटलं, व्याह्यांना फोन करून विचारतो. तर शकू अंगावरच आली. "खुळे का काय तुम्ही? लग्नाआधीच त्यांच्या माशाची तक्रार सांगता? मुलीकडचे आपण! ते म्हणतील, यांना एक मासा सांभाळता येईना, हे पोरीला काय वळण लावणार?"

दीपाला सांगायचीही चोरी. ती अमोलला सांगणार, अमोल बापाला. म्हणजे आम्ही दोघं म्हातारी आणि मधे ती गाल फुगवलेली बया. मी रोज ऑफिसातून आलो की चप्पल काढायच्या आधी तिच्याकडे बघायचो. जिवंत दिसली की हुश्श.

मग कदमसाहेबांचाच फोन आला. "काय म्हणतायत आमची मंडळी?"

"मजेत! अगदी घरच्यासारखी!"

"आणि पिवळी? कशी आहे?"

"एकदम ठणठणीत!"

"खात तर नसेलच म्हणा."

आता मला वाटलं, हे माझी परीक्षा घेतायत. आमच्या घरात त्यांचा मासा उपाशी राहतो, असं कबूल करू? मी म्हटलं, "खात नाही म्हणजे काय साहेब? पोटभर खाते! मागून घेते!"

कदमसाहेबांचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाले, "असं का... बरं. मी रविवारी दुपारपर्यंत येतो. समोरासमोरच बोलू." आणि फोन ठेवला.

समोरासमोर बोलू! माणूस समोरासमोर बोलू कधी म्हणतो? चांगली गोष्ट कुणी अशी सांगतं का? मी शकूकडे बघितलं. ती मटकन खाली बसली. "मोडलं," म्हणाली. "लोकांनी कान भरले त्यांचे." मी तिला धीर दिला, पण चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एवढं ठरलं, की काहीही होवो, ते येतील तेव्हा पिवळी बरी दिसली पाहिजे. आपल्याकडून बोट ठेवायला जागा नको.

रविवार उजाडला. शकूने आंघोळ करून हळदीचा दाट लेप कालवला. तिच्या आईने म्हणे अख्ख्या गल्लीतली गालगुंडं याच लेपाने बरी केली होती. मी पीठ चाळायची चाळणी टाकीत घातली. काचेच्या खोलीत पिवळी जाणार कुठे? धरली, आणि पाण्याने भरलेल्या पातेल्यात सोडली.

"हातात धरा घट्ट," शकू बोटावर लेप घेऊन तयार. "गालावर दोन्हीकडून लावते."

"ती निसटायलीय!"

"मुंडकं धरा, मुंडकं!"

मी ओंजळीत धरली. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की काय सांगू! आणि तोंड उघडून एकदम भळ्ळकन ओकली. पातेल्यात बारीक बारीक वळवळणारं काहीतरी. एक नाही, दोन नाही, ढीगभर!

"अगं बाई, जंत!" शकू किंचाळली. लेपाचा गोळा तिच्या हातून सुटला आणि पातेल्यातच पडला. "पोटात जंत झाले होते तिला! म्हणून खात नव्हती! टाका, टाका ते आधी मोरीत!"

मी पिवळीला चाळणीने उचलून परत तिच्या खोलीत टाकलं. गाल बघतो तर सपाट! सूज गायब! "शकू, बरी झाली!" मी ओरडलो. आनंदाने ते पातेलं उचललं आणि मोरीकडे निघालो.

दारावरची बेल वाजली.

दुपारपर्यंत येणारे कदमसाहेब आणि विहीणबाई सकाळीच दारात उभे. मी एका हाताने कडी काढली, दुसऱ्या हातात पातेलं. या, बसा, काही म्हणायच्या आत कदमसाहेब चप्पल न काढता मला ओलांडून थेट टाकीपाशी गेले. वाकले. पिवळीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"गेली," म्हणाले. "पिल्लं गेली."

"कसली पिल्लं?" मी विचारलं.

"अहो, तोंडातली! सांगितलं होतं ना मी? यांच्यात आई अंडी तोंडात घेते, पिल्लं तोंडातच वाढवते. तोवर घास घेत नाही. तुम्ही फोनवर म्हणालात पोटभर खाते, तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं. म्हटलं, गिळली हिने!"

मी पातेल्यात बघितलं. मग चष्मा डोक्यावर होता तो खाली घेतला आणि परत बघितलं. प्रत्येक जंताला दोन दोन डोळे होते हो! काळेभोर, टपोरे! आणि ते सगळे डोळे माझ्याकडे बघत होते. दहा पावलांवर मोरी होती.

मी नुसतं पातेलं पुढे केलं.

कदमसाहेबांनी आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटले. म्हटलं, बोला आता काय बोलायचं ते.

"सूर्यवंशीसाहेब," त्यांचा आवाज भरून आला होता, "तुम्ही पिल्लं काढलीत? हाताने? आईच्या तोंडातून?"

"अं... हो."

"अहो, जाणकार लोक करतात हे काम! मी तीन वर्षं बघतोय, माझी हिंमत नाही झाली! टाकीत सोडली असती तर बाकीच्यांनी एक ठेवलं नसतं." मग त्यांचं लक्ष काचांकडे गेलं. "आणि बाळंतिणीला वेगळी खोली? बाकीच्यांना अलग? वा वा वा! आणि पाण्यात हे पिवळं काय?"

मी शकूकडे बघितलं. शकू भिंतीकडे.

"हळद," ती पुटपुटली.

"हळद! इन्फेक्शन होऊ नये म्हणून!" कदमसाहेबांनी कपाळाला हात लावला. "आणि फोनवर मला म्हणे पोटभर खाते! मस्करी करता होय व्याह्यांची? मला सरप्राइज द्यायचं होतं!"

मी हसलो. दुसरं काय करणार? सांगा ना, तुम्ही असता तर काय केलं असतं?

पिल्लं स्वच्छ पाण्यात गेली, चहा झाला, तरी माझा जीव टांगलेलाच. शेवटी मीच विचारलं, "साहेब, समोरासमोर बोलू म्हणाला होतात..."

कदमसाहेबांनी कप खाली ठेवला. "हो. एक तर ही पिल्लांची काळजी होती. दुसरं असं, की आम्ही आता तिकडचे झालो, तुम्ही इकडचे. लोक नाही नाही ते बोलायलेत. तुम्ही पोरगी द्यायला नको म्हणाल, या भीतीने आम्हाला घास जाईना. खरं सांगू? टाकीसाठी विजयवाड्यात जागा झाली असती कशीबशी. पण म्हटलं, आपली एखादी जिवाची वस्तू यांच्या घरी राहू दे. घरोबा राहील, येणंजाणं राहील."

काय वाटलं म्हणून सांगू तुम्हाला! छातीवरची शिळा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावी, तसं झालं. मी उठून त्यांना मिठीच मारली. शकू डोळ्यांना पदर लावून हसत होती. विहीणबाईंनी पुढे होऊन तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "ताई, आमच्या पिवळीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं म्हणायचं! आता सव्वा महिना तिला हलवायचं नाही."

त्याच दिवशी लग्नाची तारीख धरली. लग्न झालं, झोकात झालं. पण पिवळी काही सासरी गेली नाही. सव्वा महिना होतोय तोवर तिचे गाल परत फुगले. ती मोकळी झाली तर तिच्या बहिणीचे फुगले. माझ्याकडे आता अशा चार टाक्या आहेत. काचीगुड्यात कुणाचा मासा शिंकला तरी लोक मला बोलवायला येतात. कदमसाहेबांनी दोन्ही राज्यांत सांगून ठेवलंय, "आमच्या व्याह्यांच्या हाताला गुण आहे."

खरी गोष्ट फक्त शकूला माहीत होती. आणि शकूच्या पोटात काय राहतंय? तिने लग्नानंतर सगळं दीपाला सांगून टाकलं.

मागच्या साली दीपाचा फोन आला, गोड बातमी द्यायला. शकू रडली, मी रडलो. मी म्हटलं, "बाळा, पहिलं बाळंतपण, तू इकडे माहेरीच यायचं. सगळं मी बघतो. तू काही टेन्शन घेऊ नको."

फोन स्पीकरवरच होता. मग पोरगी म्हणते, "आई, येते मी. पण माझे दिवस भरत आले की बाबांना पातेलं घेऊन माझ्या जवळपास फिरकू देऊ नको!"